कोपराखाली चार बोटं

उंच बाई ओट्याशी गेली, नळ सोडून पाहिला, बंद केला, आणि मग ओट्याच्या काळ्या गुळगुळीत दगडावर दोन्ही हात टेकवायला म्हणून कमरेत वाकली. एवढंच झालं. घर बघायला आलेली बाई वाकली यात बोंबलण्यासारखं काही नाही. माणसं घर बघताना वाकतात, उकिडवी बसतात, बेसिनखाली डोकं घालतात. पण दारात उभ्या असलेल्या चिंगीला ते वाकणं दिसलं आणि काय होतंय हे कळायच्या आत तिच्या चेहऱ्यावर हसू येऊन बसलंसुद्धा. आनंद झाला होता तिला. चांगला घसघशीत आनंद. ही बाई काही हे घर घेत नाही, असं आतून कोणीतरी टाळी देऊन म्हणालं, आणि टाळी देणारी आपणच, हे लक्षात आल्यावर चिंगीचे कान तापले. अगं बाई, घर विकायला काढलंय ना आपण? गिऱ्हाईक समोर उभं आहे, तेही तोंड वाकडं न करणारं, आल्यापासून खिडक्यांचं कौतुक करणारं. आणि त्याची कंबर अवघडली म्हणून आपल्याला आनंदाच्या उकळ्या फुटतायत? तिनं हसू आवरलं, पदर उगाचच सारखा केला आणि शेजारी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे बघत होता.

चिंगी हे तिचं सासरचं लाडाचं नाव. लाडाचं म्हणजे चेष्टेचं. ताडमाड माणसांच्या त्या घरात ही साडेचार फुटांची सून आली तेव्हा थोरल्या दिरानं पहिल्याच आठवड्यात ते ठेवलं, आणि आता पंचेचाळिशी उलटली, चष्मा लागला, तरी तेच चिकटून राहिलं. वीसेक वर्षं तिचं कपडे अल्टर करून द्यायचं दुकान होतं. नवं काही शिवायचं नाही. लोकांनी हौसेनं घेतलेलं आणि अंगाला न बसणारं उसवायचं आणि बसतं करून द्यायचं. तोंडात टाचण्या धरून, गुडघ्यांवर बसून, आरशासमोर उभ्या राहिलेल्या माणसांच्या पायाशी तिची निम्मी हयात गेली. गिऱ्हाइकांत एक जाडगेलासा माणूस होता, जुनी घरं घ्यायची, नीट करायची आणि विकायची हा त्याचा धंदा. दर दोन महिन्यांनी पँटी सैल करून न्यायचा, म्हणजे धंदा बरा चालला असणार. तो एकदा आरशात स्वतःकडे बघत सहज म्हणाला की तुम्ही पँटींचं करता तेच मी घरांचं करतो, फक्त मला तोंडात टाचण्या धराव्या लागत नाहीत. तो गेला आणि चिंगी मशीनवर बसून राहिली. पाय चालत होते, सुईत दोरा नव्हता. त्या दिवसानंतर तिला बसमधून जाताना घरंच दिसू लागली. हे इथं आखूड आहे, ते तिथं फुगलंय, याची ती मधली भिंत म्हणजे नको तिथं घातलेली चुणी. सासरी बोलली तेव्हा दीर म्हणाले, घर पाहावं बांधून असं म्हणतात, विकून म्हणत नाहीत. ती म्हणाली, म्हणत नसतील, आपण म्हणू. आणि दुकान विकून टाकलं. विकून टाकलं म्हणजे परतीची वाटच उसवून टाकली. त्या पैशांत घेतलेलं हे घर नफ्यानं गेलं तर दुसरं घेता येणार होतं. नाही गेलं, तर परत कुणाच्या तरी दुकानात, दुसऱ्याच्या मशीनवर, पगारी.

किल्ली हातात आली तो दिवस तिला आत्ता, या क्षणी, उंच बाई नळाची तोटी तपासत असताना, अंगावर आल्यासारखा आठवला. बंद घराचा वास. ओल, कागद, कुठंतरी मेलेली पाल, आणि या सगळ्याखाली कोरडा, गोडसर, लाकडाचा वास. लोकांनी नाक धरलं असतं. चिंगीनं दार लावून घेतलं, पायातलं काढलं आणि एकटीच या खोलीतून त्या खोलीत हिंडली. हे आपलं. आपलं म्हणजे विकायचं, पण तोवर आपलं. भिंतीचा एक पोपडा निघत होता, त्याला नख लावलं तर वरचा पिवळा निघून खाली गुलाबी, गुलाबीखाली हिरवा, हिरव्याखाली चुना. कुणाकुणाच्या हौशी एकावर एक शिवलेल्या. ती तासभर नखानं खरवडत बसली आणि उठली तेव्हा बोटं सोलवटली होती आणि तिला इतकी भूक लागली होती की रस्त्यावर येऊन तिनं अख्खा पाव उभ्या उभ्या खाल्ला. तोडफोड सुरू झाली तेव्हा तर काय विचारता. मधली भिंत पडली त्या दिवशी समोरच्या खिडकीतला उजेड थेट मागच्या खोलीपर्यंत आला, धुळीतून, आडवा, आणि ती चक्क ओरडली. नवरा कामावरून परस्पर आला होता. तो पाण्याची मीटरं वाचायला घरोघर हिंडतो, दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचून त्याला घर या वस्तूचा कंटाळा आलेला. पण तोही त्या उजेडात उभा राहिला, खांद्यावर चुन्याचा सडा, आणि म्हणाला की रंग मीच देतो, माणूस नको. सुट्टीच्या दिवशी तो रंग द्यायचा, ती खाली बसून फरशीवरचे शिंतोडे पुसायची, दोघं सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर बसून डबा खायची. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती आणि दोघं एकमेकांच्या केसांतला रंग काढत बसली होती. अशी मजा तिनं आयुष्यात केली नव्हती, उगाच खोटं कशाला बोला.

आणि मग मिस्त्री. मिस्त्री काही फार मोठा कारागीर नव्हता, दोन फरश्या उलट्या बसवून वर वाद घालणारा होता, पण त्याची एक पद्धत होती. ओटा घालायच्या आधी तो घरच्या बाईला भिंतीशी उभं करायचा, हात कोपरात वाकवायला सांगायचा, कोपराखाली चार बोटं मोजायचा आणि तिथं भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायचा. ओट्याचा दगड त्या खुणेला. आणि एकदा ती खूण झाली की सगळं घर त्या खुणेवरून. ओट्यापासून इतकं वर फळी, तेवढ्याच उंचीला दिव्यांची बटणं, त्याच हिशोबात आरसा, टॉवेलची खुंटी, खिडकीची कडी. टेप त्याच्याजवळ होती, पण ती तो खिशातून काढायचा कमीच. त्या सकाळी तो म्हणाला, या ताई, उभ्या राहा. आता इथं तिनं म्हणायला हवं होतं की अहो, मी राहणार नाही इथं, विकायचंय हे, जी काय सगळीकडे असते ती उंची ठेवा. एवढं एक वाक्य. मिस्त्रीला कुणी सांगितलंच नव्हतं की घर विकायचंय, आणि त्यानं विचारलं नव्हतं, त्याला काय, त्याला ओटा घालायचा. चिंगी भिंतीशी गेली. पाठ टेकली. प्लास्टर थंड होतं, ब्लाउजमधून लागलं. तिनं कोपर वाकवलं आणि हात पुढे धरला, आणि मिस्त्रीची चार बोटं कोपराखाली आली, पेन्सिल भिंतीवर खरखरली. आणि तिला रडायला आलं. का, तर वीस वर्षं तिनं अख्ख्या गावाची मापं घेतली होती आणि तिचं माप कुणी घेतलं नव्हतं. तिचे स्वतःचे कपडे ती कुणाचे तरी उरलेले आखूड करून घालायची. मिस्त्रीनं विचारलं, धूळ गेली का डोळ्यात? ती हो म्हणाली.

उंच बाई आता बाथरूममध्ये गेली होती आणि तिथून हसण्याचा आवाज आला. कुत्सित नाही, मोकळा. बाहेर येऊन ती तिला घेऊन आलेल्या एजंटला म्हणाली की आरशात मला हनुवटीपर्यंतच मी दिसते, बाकीची मी बहुधा वरच्या मजल्यावर आहे. एजंट हो हो म्हणाला. एजंट प्रत्येक गोष्टीला दोनदा हो म्हणायचा, म्हणून नवराबायकोत त्याचं नाव होहो पडलं होतं. त्यानं लगेच चिंगीकडे वळून डोळे मोठे केले. त्याचा अर्थ चिंगीला पाठ होता. आज तोंड बंद ठेवा. कारण याआधी दोन गिऱ्हाइकं आली होती आणि दोन्ही गेली होती, आणि होहोचं ठाम म्हणणं होतं की ती तुम्ही घालवलीत. पहिलं एक नवं लग्न झालेलं जोडपं, त्यांना घर पसंत होतं, मुलगी ओट्यावर हात फिरवत होती, आणि चिंगी मधेच म्हणाली की मागच्या बाजूला दुपारी उन्हाची भट्टी होते. होत नाही. दुसरे एक निवृत्त गृहस्थ, बहिणीबरोबर आलेले, त्यांना तिनं न विचारता सांगितलं की वरच्या मजल्यावरची मुलं दिवसभर धावतात. वरच्या मजल्यावर एक म्हातारी एकटी राहते आणि ती धावत असेल तर तिचा सत्कार करायला हवा. घरी जाताना चिंगीला स्वतःचंच आश्चर्य वाटलं होतं. तिनं नवऱ्याला सांगितलं की मी खरं बोलणारी बाई आहे, धंद्यात खरं बोलावं. नवरा काही बोलला नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असं होहो पुटपुटला होता. पण आता या वाकलेल्या पाठीनं तिला सगळं उलगडून दाखवलं. विघ्नं कसली, विघ्न एकच, आणि ते साडेचार फुटांचं. खाई त्याला खवखवे. तिला घर विकायचंच नव्हतं. म्हणजे घर विकायचं होतं, सगळं विकायचं होतं, बैठकीची खोली न्या, मागची खोली न्या, नवा रंग न्या, फक्त ही दहा बाय आठची जागा तेवढी राहू दे, हा ओटा, ही फळी. असं कसं व्हायचं? पँट विकली आणि खिसा ठेवून घेतला?

कारण तिला माहीत होतं ना, इथं उभं राहिलं की काय होतं ते. ओट्याचा दगड बसवला त्या संध्याकाळी मिस्त्री गेल्यावर ती तिथं उभी राहिली होती. सुरी नाही, भाजी नाही, शेगडीसुद्धा आलेली नव्हती. तिनं नुसते हात दगडावर ठेवले. खांदे खाली आले. आपले खांदे इतकी वर्षं वर ओढलेले होते हे तिला त्या क्षणी कळलं, ते खाली आल्यावर. सासरचं स्वयंपाकघर आठवलं. तिथला ओटा तिच्या छातीला लागायचा. सासूबाई उंच, जाऊबाई उंच, दोघी कशा ताठ उभ्या राहून कामं उरकायच्या. चिंगीसाठी एक लाकडी स्टूल होतं, त्यावर चढून ती ढवळायची, आणि दुसऱ्या टोकाचं काही हवं असलं की उतरायचं, स्टूल सरकवायचं, परत चढायचं. कुणी छळलं नाही हो तिला. तसं काही नव्हतं. सासूबाई प्रेमळ होत्या, स्टूलही त्यांनीच सुताराकडून करवून घेतलं होतं. पण येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवायच्या, आमची चिंगी बघा कशी झाडावर चढून स्वयंपाक करते, आणि सगळे हसायचे आणि चिंगीही हसायची, कारण हसण्यासारखंच होतं ते. उकळी वर आली की भांड्यात काय आहे ते तिला आधी वासावरून कळायचं, मग दिसायचं. पुढे वेगळं घर केलं ते भाड्याचं, तिथला ओटा घरमालकानं घातलेला, स्टूल तिथंही बरोबर आलं. पंचवीस वर्षं ती कुठल्या ना कुठल्या दगडाकडे खालून बघत होती, आणि आता पहिल्यांदा वरून बघत होती. अंगातून असा काही करंट गेला की तिनं तिथल्या तिथं, कोणी नसताना, रिकाम्या ओट्यावर एक मोठी काल्पनिक भाजी चिरली. खट खट खट. बोटांनी.

आणि गंमत म्हणजे याच हातांना दुसऱ्या घराची खाज सुटली होती. ते होहोनंच दाखवलं होतं, गेल्या आठवड्यात. कोपऱ्यावरचं घर, आत वळत जाणारा लाकडी जिना, जिन्याखाली कुणीतरी मूर्खासारखी कोळशाची खोली काढलेली, आणि वर एक लांबच लांब खोली, तिला एका बाजूला ओळीनं पाच खिडक्या आणि पाचही खिळे मारून बंद केलेल्या. चिंगीनं त्या बंद खिडक्या पाहिल्या आणि तिचे हात शिवशिवले. तिला रात्री झोप लागेना. अंधारात ती एक एक खिळा उपटायची, एक एक झडप उघडायची, पाचवी उघडेपर्यंत इतकी जागी व्हायची की उठून पाणी प्यायला जावं लागे. त्या घराचा मालक आठवडाअखेरपर्यंत थांबणार होता. त्यापुढं दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. म्हणजे हे घर आज गेलं तर ते घर येणार. हा ओटा की त्या खिडक्या, असा सरळ हिशोब होता, आणि तो तिनं आजपर्यंत मनात मांडलाच नव्हता. दोन्हीकडे हात मारत होती. तिला आता दारात उभ्या उभ्या घाम फुटला होता, आणि तरी तिला वाईट वाटत नव्हतं, हे कसलं विचित्र? उलट सगळं अंग जागं झालं होतं, तळपाय फरशीवर थिरकायला बघत होते.

उंच बाई परत ओट्याशी आली. ती पोहायला शिकवायची, असं होहोनं सांगितलं होतं, आणि ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. रुंद, थोडे पुढे झुकलेले खांदे. बरोबर कुणी नव्हतं. घरी वडील आहेत, म्हातारे, माझ्याहून उंच, असं ती आल्या आल्या म्हणाली होती, आणि त्यांना उजेड लागतो वाचायला. त्या उजेडासाठीच ती आली होती आणि तो तिला मिळालाही होता. बैठकीच्या खोलीत ती मुकाट्यानं उभी राहिली होती, मधली भिंत जिथं होती बरोबर त्या जागी, आणि चिंगीला तेव्हा उगाचच अभिमान वाटला होता. आता ती फळीखाली वाकून बघत होती, कपाळ फळीच्या कडेला घासत होतं, तरी चिडत नव्हती. सवयीनं मान तिरकी करत होती. दारं, बसचे दांडे, लोकांच्या घरचे लटकते दिवे, सगळ्यांना तिनं अशीच मान तिरकी करून वाट दिली असणार. तिनं एकदा पाठीवर हात ठेवला, कमरेच्या जरा वर, आणि चिंगीला तिची पाठ दुखते कुठं ते न विचारता कळलं. वीस वर्षं लोकांच्या पाठी बघितलेल्या बाईला ते कळायचंच.

तिनं परत नवऱ्याकडे पाहिलं. नवरा अजूनही छत बघत होता. छतात काय होतं? काही नव्हतं, छत त्यानंच रंगवलं होतं. आणि मग चिंगीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. याला माहीत होतं. हा तिच्याहून हातभर उंच माणूस आठवड्यामागून आठवडे या खोलीत रंग देत होता, चहा करत होता, भांडं विसळत होता, वाकून, या फळीवर त्याचं डोकं दोनदा आपटलेलं तिनं स्वतः पाहिलं होतं. त्यानं कपाळ चोळलं होतं आणि म्हणाला होता की फळी झक्क बसलीय. मीटरं वाचणारा माणूस, आयुष्यभर आकडे वाचणारा. त्याला पहिल्याच दिवशी दिसलं असणार की हा ओटा विकायच्या घराचा नाही. आणि बोलला नाही. बायको ओट्याशी उभी राहून रिकामी भाजी चिरत होती ते त्यानं बहुतेक बाहेरून पाहिलं होतं, आणि बोलला नाही, आणि दोन गिऱ्हाइकं गेली तरी बोलला नाही. चिंगीला त्याचा असा राग आला की त्याच्या गालाचा मुका घ्यावासा वाटला.

तेवढ्यात उंच बाई तिच्याकडे वळली. एजंटकडे नाही, नवऱ्याकडे नाही, सरळ तिच्याकडे. म्हणाली की घर मला फार आवडलंय, उजेड आवडलाय, पण मी इथं रोज दोन वेळा उभी राहिले तर माझी पाठ जाईल. होहो घाईघाईनं म्हणाला, हो हो, सवय होते हो, सवयीनं सगळं होतं. बाईनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं हळूच विचारलं,

"हे तुम्ही स्वतःसाठी केलंत ना?"

आणि बाईनं पुढं जोडलं की उंची वाढवता येत नसेल तर मी आत्ताच नाही म्हणते, तुमचाही वेळ नको आणि माझाही.

झालं. उत्तर तयार होतं. चिंगीच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, गरम गरम. खालून पाइप गेलेत, बाई, उंची नाही बदलता येत. संपलं. उन्हाच्या भट्टीपेक्षा आणि वरच्या धावणाऱ्या पोरांपेक्षा हे कितीतरी सफाईदार. कुणाला कळलं नसतं, होहोलासुद्धा नाही, त्याला पाइपांमधलं काय कळतंय. बाई हसून निरोप घेऊन गेली असती, मान तिरकी करून दारातून बाहेर. आणि मग ही खोली, हा दगड, आणि खाली आलेले खांदे. किती दिवस? दिवा न लावता ती इथं येऊन उभी राहिली असती, चोरासारखी, स्वतःच्या घरात, भाजी नसलेल्या ओट्याशी. इथं राहायला येणं तर परवडणारच नव्हतं. आणि पाच खिडक्यांना दुसऱ्या कुणी हात घातला असता. तिला एकदम दिसलं की तिला जे झालं ते ओट्यामुळे झालंच नाही. ओटा तयार झाला ते मागाहून. तिला जे झालं ते भिंतीशी पाठ लावून उभी असताना, कोपर वाकवल्यावर, चार बोटांच्या स्पर्शानं. कुणीतरी तिला म्हटलं होतं, तू सांग, केवढं करू? ते होऊन गेलं होतं. ते या घराच्या किमतीत नव्हतं आणि कुणाला देताही येणार नव्हतं, ठेवताही येणार नव्हतं, ते तिच्या अंगात शिरून बसलं होतं. राहिला होता तो दगड. दगडाचं काय, दगड उचलता येतो.

"हो," ती म्हणाली. "माझ्याच मापाचा आहे. चुकून नाही, मुद्दाम झालाय."

होहोनं कपाळावर हात मारला. नवऱ्यानं छतावरून नजर खाली आणली. चिंगीला स्वतःचा आवाज परका वाटला, दुकानातला, गिऱ्हाइकाला हात वर करा म्हणून सांगायचा तो, ज्याला कुणी कधी उलट बोलत नसे. ती पुढे झाली. खिडकीच्या चौकटीवर मिस्त्रीची पेन्सिल पडली होती ती उचलली आणि म्हणाली की या, इथं भिंतीशी उभ्या राहा. बाईला समजेना. तिनं एजंटकडे पाहिलं, एजंट पहिल्यांदाच काही म्हणाला नाही. मग ती आली, भिंतीशी उभी राहिली, आणि उभं राहतानाच सवयीनं खांदे पुढे घेऊन चारपाच बोटं लहान झाली.

"असं नाही. पाठ टेका. पूर्ण."

बाईनं पाठ टेकली. चिंगीनं तिचा हात धरून कोपर वाकवलं. थंडगार, मजबूत हात होता, पाण्यातल्या माणसाचा. आणि तो हात हातात असताना चिंगीला कळलं की ही बाई श्वास रोखून उभी आहे आणि ती खिडकीकडे मुद्दाम बघतेय. चिंगीनं वर मान करून तिच्याकडे पाहायचं टाळलं. तेवढं तिला कळत होतं. तिनं कोपराखाली आपली चार बोटं लावली. खूण तिच्या स्वतःच्या छातीशी येत होती, जिथं सगळे ओटे यायचे तिथं, आणि तिला गुदगुल्या झाल्यासारखं हसू यायला लागलं. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा ती उंची तिनं ठरवली होती. नवऱ्यानं दोनदा हात देऊन चकचकीत केलेल्या भिंतीवर तिनं पेन्सिल टेकवली, आणि नवरा न राहवून म्हणाला, अगं, रंग नवा आहे. म्हणाला आणि लगेच हसला. त्या हसण्यात इतक्या आठवड्यांचं न बोललेलं सगळं होतं. चिंगीनं नुसती खूण केली नाही, ती पेन्सिल भिंतीवर ओढत निघाली, बाईच्या पाठीमागून, नळाच्या वरून, फळीच्या खालून, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ, न थांबता. मग वळून म्हणाली की दगड निघेल, पाइप वाढवता येतात, आरसा, फळ्या, बटणं, सगळं या रेघेवरून वर जाईल, मिस्त्रीला उद्याच घण घेऊन बोलावते.

उंच बाई अजून भिंतीला पाठ लावूनच होती. खांदे खाली आले होते. तिनं सावकाश श्वास सोडला आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "पण मी अजून घेते म्हटलेलं नाही."

"नका म्हणू," चिंगी म्हणाली. "तुम्ही नाही घेतलंत तरी हा ओटा आता इथं राहत नाही."